‘दोन पुरे’ म्हणणाऱ्या ऊसतोड बाईला खरंच किती मुलं हवी असतात?

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही प्रबंधासाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांमध्ये फिरलात. ‘आणखी मूल हवं का?’ या प्रश्नावर जवळपास सगळ्या बायकांनी ‘नको, दोन पुरे’ असंच सांगितलं. पण त्यांच्यातल्याच काहींना तिसरं-चौथं मूल आहे, आणि काहींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन विशीच्या सुरुवातीलाच झालेलं आहे. सरकारच्या कुटुंबनियोजन धोरणानं या स्थलांतरित बायकांची मुलांची इच्छा खरंच कमी केली का, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

मी याच जिल्ह्यात आधी उपकेंद्रावर नर्स आणि नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी केली. दिवाळीच्या आधी अर्धं गाव रिकामं होणारी गावंच माझ्या वाट्याला आली. त्या अनुभवावरून सांगते. किती मुलं हवीत हे धोरणामुळे बदललेलं मी फारसं पाहिलं नाही. मात्र पाळणा कधी थांबायचा, तो कुणाच्या अंगावर थांबवायचा आणि थांबवल्यावर मागे फिरायची वाट उरते की नाही, हे धोरणानंच ठरवलेलं मी वर्षानुवर्षं पाहिलं.

आधी ‘दोन पुरे’ या उत्तराकडे बघू. ही बाई लग्न होऊन आल्यापासून वही घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला हेच उत्तर देते. आशा कार्यकर्ती येते, नर्स येते, अंगणवाडीच्या ताई येतात, आणि कुणाला काय ऐकायचं आहे हे तिला पाठ असतं. देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासून आहे, ‘हम दो, हमारे दो’ भिंतीवर बघत तिची सासू म्हातारी झाली. सासूच्या डोक्यात तर १९७६ सुद्धा आहे. त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. लोक ते विसरलेले नाहीत. वही दिसली की घरातली मोठी माणसं अजूनही सावध होतात, आणि सून सासूदेखत उत्तर देते. तुम्ही ओट्यावर बसून विचारलं असेल तर तुम्हाला उत्तर सगळ्या घरानं मिळून दिलं, असं समजा.

त्यातही स्थलांतर कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. नवरा एकटा पुण्या-मुंबईला कामाला जातो आणि बाई गावी राहते, तिथे मुलांचं अंतर त्याच्या सुट्ट्यांवर पडतं. कायमचं शहरात गेलेलं कुटुंब पाच-सात वर्षांत शहराच्या हिशेबाला लागतं. खोलीचं भाडं आणि इंग्रजी शाळेची फी बघून ती बाई स्वतःच एका-दोनावर थांबते, तिला धोरण सांगावं लागत नाही. ऊसतोडीचं स्थलांतर या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. नवरा-बायको दोघं जातात, दरवर्षी जातात आणि दरवर्षी परत येतात. सहा महिने सांगली, सातारा, कोल्हापूर किंवा कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे, सहा महिने गावात. मी पुढे लिहिते ते यांच्याबद्दलच आहे. ते वीटभट्टीवरच्या किंवा परराज्यातून आलेल्या बायकांना जसंच्या तसं लावू नका.

इथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एक जोड. उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) जोडीला मिळते, एकट्याला नाही. पावसाळ्यातच टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती अंगावर असते. उसाच्या फडात एक दिवस गेलं नाही की खाडा पडतो, पाचशे-हजार रुपये कापले जातात. कारण आजारपण असो की बाळंतपण, मुकादमाच्या वहीत फरक पडत नाही. त्यामुळे या बाईच्या डोक्यात ‘किती’च्या आधी ‘कधी’ हा प्रश्न असतो. मूल हवं असतं, पण मार्गशीर्ष-पौषात बाळंतपण नको असतं. ज्येष्ठ-आषाढात मोकळी झाली तर लेकरू दसऱ्यापर्यंत तीन-चार महिन्यांचं होतं, झोळीत घालून नेता येतं. हा हिशेब मी अक्षरओळख नसलेल्या बायकांकडून बोटांवर ऐकला आहे, आणि तो बरोबर असतो. सरकारी प्रचारात मात्र भर कायम संख्येवर राहिला. तिला नेमक्या ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, त्यात तिला मदत फार कमी मिळाली.

मग किती मुलं हवीत हे ठरतं कशावर? माझ्या अनुभवात दोन गोष्टींवर: मुलगा झाला का, आणि झालेली लेकरं जगतील का.

मुलाचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर फार लिहीत नाही. दोन मुलींनंतरची बाई ‘दोन पुरे’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांत बघा, एवढंच सांगेन. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कमी बोललं जातं. पहाटे तीन-चारला नवरा-बायको फडात जातात, लेकरं कोपीत (तळावरच्या झोपडीत) झोपलेली असतात किंवा उसाच्या पाचटावर आणून टाकलेली असतात. आसपास साप, उघडी विहीर, शेततळं आणि मागे घेतला जाणारा ट्रॅक्टर. मोठी मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर धाकट्याला तीच सांभाळते. अशा ठिकाणी राहणारी आई ‘एकाचा काय भरवसा, सिस्टर?’ असं म्हणते तेव्हा तिला अडाणी समजू नका. तिनं शेजारच्या कोपीतलं लेकरू गेलेलं पाहिलेलं असतं. ज्या गावांत हंगामी वसतिगृह नीट चाललं, लेकरं आजी-आजोबांजवळ राहून शाळेत टिकली, तिथल्या बायकांचं बोलणं हळूहळू वेगळं झालेलं मी ऐकलं. शाळा पुढे सरकायला लागली की त्या आपणहून थांबायचं बोलतात. तिथे कोणत्याही घोषणेपेक्षा वसतिगृहातल्या दोन वेळच्या जेवणानं जास्त काम केलं, असं माझं ठाम मत आहे.

आता धोरणाकडे येते. ‘धोरण’ म्हणून आपण एकच नाव घेतो, पण तिच्यापर्यंत ते तीन वेगळ्या वाटांनी पोचतं.

पहिली वाट दोन अपत्यांच्या कायद्याची. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे ज्याला दोनपेक्षा जास्त मुलं झाली, त्याला ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठीही २००५ च्या नियमांनी छोट्या कुटुंबाची अट आली. फडात उसाची मोळी उचलणाऱ्या बाईला दिवस जातात तेव्हा ती सरपंचपदाचा विचार करत नसते, म्हणून तिच्या इच्छेवर या कायद्याचा परिणाम मला कधी दिसला नाही. दिसला तो मुकादमांच्या, पुढाऱ्यांच्या आणि नोकरदारांच्या घरांत. त्यांना पद हवं होतं, मुलगाही हवा होता आणि आकडा दोनच्या आत ठेवायचा होता. सोनोग्राफीचे पैसेही त्यांच्याकडेच होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. त्यामागे एकटा हा कायदा नाही, पण मुलाची ओढ तशीच ठेवून फक्त आकडा आवळला तर काय होतं, ते आम्ही इथे पाहिलं. हरियाणा, हिमाचल आणि मध्य प्रदेशानं पंचायतीसाठीची ही अट २००५-०६ च्या सुमारासच काढली, आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये काढली.

दुसरी वाट पैशांच्या योजनांची. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलाला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. २०२३ पासून आलेल्या लेक लाडकी योजनेत मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार, पण पुढच्या हप्त्यांसाठी आई किंवा बापानं ऑपरेशन केल्याचं प्रमाणपत्र लागतं. पाच हजारांसाठी कुणी मूल होऊ देत नाही की थांबवत नाही. जोडीची उचल लाखाच्या घरात असते, आणि एक हंगाम बुडाला तर सगळं घर कर्जात जातं. शिवाय योजनेचा हप्ता लसीकरणाच्या नोंदीवर, लेकराचा डोस चुकलेला, कारण ते बागलकोटच्या फडात होतं. खरे हकदार कागदात अडकतात, हे मी रोज बघत होते.

तिसरी वाट ऑपरेशनची, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

कागदावर १९९६ पासून लक्ष्याची सक्ती नाही. तरी वर्षाकाठी किती ‘केसेस’ अपेक्षित आहेत हे प्रत्येक नर्सला माहीत असतं. ऊसतोडीच्या गावात बाई भेटते ती फक्त मे ते सप्टेंबर. त्यामुळे तिला गाठायचं ते याच दिवसांत. तिचीही घाई असते, कारण पोळ्याच्या आत टाके सुकले तर दसऱ्यानंतर मोळी उचलता येईल. दोघींची घाई जुळते आणि शिबिराच्या गाडीत ती बसते. तिच्यावर सक्ती झाली असं मी म्हणणार नाही, ती स्वतः होकार देते. पण तिच्यासमोर मांडलं काय जातं? ऑपरेशन, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा दिवस. मधली साधनं तिच्या आयुष्याला बेतून कुणी समजावलेली नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांचं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ‘गड्याचं ऑपरेशन केलं तर मोळी कोण उचलणार?’ असं मला कितीदा तरी ऐकवलं गेलं. बाईही तेवढ्याच मोळ्या डोक्यावरून वाहते, फळीवरून ट्रॉलीवर चढते, हे तिथे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं आणि कमी जोखमीचं आहे. त्यानं ताकद जात नाही, हे मी सांगत राहिले. फरक फारसा पडला नाही.

यात वयाचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. बीडमध्ये अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्याच पाहणीत चाळीस टक्क्यांहून जास्त आहे. पोरगी मागे एकटी ठेवायची भीती असते, आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन लेकरं. नियमानं ऑपरेशनचं किमान वय बावीस. म्हणजे बाविसाव्या वर्षी तिच्या मातृत्वाचा निकाल लागलेला असतो, आणि पुढे मूल होऊ शकेल अशी वीस-पंचवीस वर्षं असतात ज्यात काहीही घडू शकतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. दोन मुलगे झाल्यावर बाविसाव्या वर्षी ऑपरेशन करून घेतलेली बाई. तेव्हा ‘दोन पुरे’ म्हणाली होती आणि मनापासून म्हणाली होती. पुढच्या एका हंगामात धाकटा ट्रॉलीच्या चाकाखाली गेला. आषाढात ती उपकेंद्रावर आली आणि दारातच विचारलं, ‘नळी परत जोडता येते का?’ जोडता येते, पण सगळ्यांची नाही. किती नळी शिल्लक आहे, कशी बांधली होती, यावर ते असतं, आणि जोडल्यावर मूल राहीलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. मी तिला मेडिकल कॉलेजची चिठ्ठी दिली. तपासण्या, तारखा, पुन्हा तारखा, आणि मग उचल घेतलेला नवरा गाडी भरायला लागला. घरात तोवर दुसऱ्या बायकोची कुजबुज सुरू झाली होती. तुमच्या प्रश्नावलीत ही बाई ‘आणखी मूल नको’ या रकान्यात आली असती, कारण ऑपरेशन झालेलीला तो प्रश्न बहुतेक कुणी विचारतच नाही. तिची इच्छा जिवंत होती, पण ती नोंदवायला जागाच नव्हती.

याच वाटेवर पुढे गर्भपिशवी काढण्याचा विषय येतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक सांगितली जातात: खाड्याची भीती, पाळीच्या दिवसांतले हाल, कोपीत पाणी-आडोसा नसणं, अंगावरून पांढरं जाणं, काही खाजगी डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती. माझं निरीक्षण यात एका गोष्टीची भर घालतं. ऑपरेशन झालं की आमच्या नोंदवहीत त्या जोडप्याचं काम संपतं, आणि पुढे तिची चौकशी करायला कुणी जात नाही. तिच्या पिशवीचा उपयोग फक्त मुलांपुरता, आणि मुलं तर झाली, असं आपल्याच यंत्रणेनं तिला शिकवलेलं असतं. मग कुणी ‘आता पिशवीचं काय काम?’ म्हणालं तर तिला ते पटतं. तिशीत पिशवी गेली, काहींची अंडाशयंही गेली, की अवेळी पाळी थांबल्याचे त्रास, हाडांची झीज, अंगाची आग हे सगळं फडात काढावं लागतं. २०१९ नंतर खाजगीत पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली, ते चांगलं झालं. पण त्याच्या दहा वर्षं आधी तिच्याकडे कुणी बघायचं, हा प्रश्न तसाच आहे.

आता तुम्ही विचाराल, मग काय करायला हवं होतं? अंतर ठेवायची साधनं हंगामाला जोडून द्यायला हवी होती. ‘अंतरा’ हे गर्भधारणा रोखणारं इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, दर तीन महिन्यांनी एक. जूनमध्ये सुरू केलं तर डिसेंबर आणि मार्चचे डोस फडात पडतात. डोस तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत चालतो, आणि कार्ड दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातही घेता येतो. हे तिला कुणी सांगितलं पाहिजे आणि कारखान्याच्या भागातल्या नर्सनं ‘तू आमच्या गावची नाहीस’ म्हणून परत पाठवता कामा नये. अंतरानं सुरुवातीला अंगावरून अनियमित जातं, कोपीत राहणारीला ते जड पडतं, हे आधीच सांगावं लागतं. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, हेही. तांबी (कॉपर-टी) पाच किंवा दहा वर्षं चालते, हंगामाच्या दृष्टीनं ती सगळ्यात सोयीची. ओझं उचलल्यानं ती सरकते ही समजूत खरी नाही, पण ती समजूत एका भाषणानं जात नाही, तांबी बसवलेली शेजारीण दाखवावी लागते. आणि ऑपरेशनसाठी नवऱ्याची सही नियमानं लागत नाही, हे बायकांनाच काय, अनेक कर्मचाऱ्यांनाही ठामपणे माहीत नसतं.

धोरण सैल केलं तर या बायका जास्त मुलं मागतील का, अशी शंका तुमच्या प्रश्नात आहे. मला ती भीती वाटत नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. चीननं २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलांना परवानगी दिली, तरी तिथे जन्म एकूण घटलेच. आकडा खाली येतो तो शाळा, दवाखाना, लग्नाचं वय आणि हातात पैसा यांनी, आणि परवानगी दिली म्हणून तो वर जात नाही.

प्रबंधासाठी म्हणून एवढं करा. ‘किती मुलं हवीत?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा की शेवटचं मूल कोणत्या महिन्यात झालं आणि ते तसं ठरवून झालं का. ऑपरेशन झालेल्यांना वगळू नका. त्यांना विचारा, ‘आज नळी बांधलेली नसती तर काय केलं असतं?’ कोणत्या वयात झालं, तेव्हा दुसरं कोणतं साधन सांगितलं होतं, निर्णय कुणी घेतला, हे वेगवेगळं विचारा. पाहणी भाद्रपदात करू नका. तेव्हा उचल घेतलेली असते, जायची धांदल असते, आणि बाई मोकळं बोलत नाही. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी आल्यावर, वैशाखात जा, आणि विहिरीवर किंवा शेतात एकटी गाठा. शक्य झालं तर त्यातल्याच काही जणींना जानेवारीत कारखान्याच्या तळावर जाऊन पुन्हा हेच विचारा. संध्याकाळी, चूल पेटायच्या आधी, मुकादम आसपास नसताना. आणि जाताना त्या तळाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आणि अंतराचा दिवस माहीत करून घ्या, कारण तुमचे प्रश्न संपले की तिचे सुरू होतील.